यंदाचा पाढा सेहेचाळीसचा

खोली दाखवताना मालक सहसा विचारतात, नॉनव्हेज करता का, मित्रमंडळी फार येतात का. काकांनी मला विचारलं, "हिवाळ्यात विमानानं कुठं जायचं ठरवलंय का तुम्ही?"

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी नागपूरहून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करायला आले होते. तीन मुलींबरोबर घेतलेलं अपार्टमेंट तीन महिन्यांतच भांडणापायी सुटलं. कुणीतरी सांगितलं, गावाच्या उत्तरेला एक रिटायर्ड मराठी जोडपं बेसमेंटची खोली देतं. म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात कोट न काढता बसले होते.

"डिसेंबरात न्यू जर्सीला जाणार आहे, मैत्रिणीकडे," मी म्हटलं.

"तारीख?"

"अठरा."

"अठराला नको. सोळाला जा, नाहीतर एकवीसला."

मला वाटलं, काका पंचांग बघणारे दिसतात. "अमावस्या आहे का?"

"नाही. बर्फ आहे."

अठराला मी डेट्रॉइटच्या विमानतळावर चौदा तास बसून होते. परत आल्यावर काका "मी सांगितलं होतं" असं म्हणतील, या तयारीनं मी दार उघडलं.  त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, जेवणघरात गेले आणि भिंतीवरच्या कागदावर एक बारीक खूण केली.

तो कागद म्हणजे ग्राफ पेपरची गुंडाळी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवलेली. तिथं पूर्वी त्यांच्या लग्नाचा फोटो होता, अशी काकूंची तक्रार होती. वरच्या ओळीत एक ऑक्टोबरपासून मध्य नोव्हेंबरपर्यंतचा एकेक दिवस: वारा कुठून आला, पाऊस किती, पारा कुठं. हवा आपला वर्षाचा क्रम शरद ऋतूत ठरवते आणि मग तोच क्रम ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा येतो, असं काकांनी कुठंतरी वाचलं होतं. ते दिवस दर वर्षी वेगळे. कधी चाळीस, कधी पन्नास. नोव्हेंबरच्या मध्याला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यासारखी हवा परत दिसायला लागली, की मधले दिवस मोजायचे. तो आकडा म्हणजे यंदाचा पाढा. त्या पाढ्यानं पुढच्या ओळी मांडत जायच्या. ऑक्टोबरात जो पाऊस होता तोच जानेवारीत बर्फ होऊन येतो, असं ते म्हणत. वादळांना त्यांच्याकडे नावं नव्हती, जन्मतारखा होत्या. "बारा ऑक्टोबरचा आहे हा, तेव्हाही असाच उत्तरेकडून आला होता," असं ते घराण्याची ओळख सांगावी तसं सांगत.

ही विद्या आपली आहे असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. तज्ज्ञ लोक ती मानत नाहीत, हेही तेच सांगायचे.

काका मूळचे कोल्हापूरकडचे. उभा जन्म डेट्रॉइटजवळच्या एका मोटारींच्या कंपनीत ब्रेक तपासण्यात गेलेला. ब्रेक कधी लागणार नाही हे शोधून काढायची नोकरी, असं ते तिचं वर्णन करत. काकू सोडल्या तर सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला, मेल टाकणाऱ्याला, शेजारच्या पाच वर्षांच्या गुजराती मुलीलाही. ती मुलगी त्यांना इंग्रजीतून विचारायची, शाळेला सुट्टी कधी मिळणार, आणि ते तिला मराठीतून गंभीरपणे सांगायचे, "नऊ जानेवारीला बघा. पण अभ्यास करून ठेवा."

ऑक्टोबरात रोज सकाळी सातला कानटोपी घालून ते मागच्या अंगणात उभे राहत. दहा मिनिटं. पाऊस असला तर छत्री घेऊन. मग आत येत, बूट काढत आणि काकूंच्या डाव्या हातावर कान ठेवत.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी संकोचून खाली निघून गेले. नंतर काकूंनीच मला बोलावलं आणि हात पुढे केला. "ऐक. घाबरू नकोस." कातडीखालून घरघर आवाज येत होता, लांब कुठंतरी ओढा वाहावा तसा. डायलिसिससाठी शीर जोडून केलेला फिस्टुला. आवाज चालू आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे. तो तपासल्याशिवाय काका चहा घेत नसत.

काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला तेव्हा दहा वर्षं होत आली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. काकांनी आपली किडनी द्यायची तयारी केली होती, सगळ्या तपासण्या झाल्या, आणि जुळली नाही. "तेव्हापासून ह्यांचं हे सुरू झालं," काकू भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "पहिल्याच हिवाळ्यात दोन दिवस बर्फात अडकलो. माझे पाय सुजून असे झाले होते. तेव्हा ठरवलं त्यांनी, की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. त्यांना काहीतरी द्यायचं होतं ना मला. किडनी घेतली नाही, मग हवामान दिलं."

हे सांगताना त्या हसत होत्या. मी हसू शकले नाही.

आता कळलं, की त्यांना दोन महिने आधी तारखा कशाला लागत. वादळ जवळ आलं की सगळेच पेशंट डायलिसिस सेंटरला फोन करतात, आदल्या दिवशीची खुर्ची मागतात, आणि खुर्च्या मोजक्याच. काका डिसेंबरातच तिथल्या नर्सला यादी नेऊन देत: या या दिवशी आम्हाला एक दिवस आधी जमेल का बघा. ती नर्स उंच, जाड चष्म्याची बाई होती. पहिल्या वर्षी तिनं यादी हसून ड्रॉवरमध्ये टाकली. मी पहिल्यांदा तिथं गेले तोपर्यंत ती यादी तिच्या टेबलामागच्या बोर्डावर लावलेली होती आणि इतर पेशंट येता-जाता तिच्यापाशी थांबत.

गावातल्या मराठी मंडळात मात्र काकांचं नाव 'वेधशाळा' पडलं होतं. संक्रांतीच्या कार्यक्रमाची तारीख ठरत होती तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "तो शनिवार सोडा. रस्ते बंद असतील." लोक हसले, तारीख तीच राहिली. त्या शनिवारी असं लख्ख ऊन पडलं, की लोक कोट हातात घेऊन हॉलमध्ये आले. दारातच कुणीतरी म्हणालं, "काय वेधशाळा, गॉगल आणलात का?"

"चुकलो," काका म्हणाले. त्यांनी तिळगुळाचा डबा उघडला आणि हसणाऱ्यांनाच आधी दिला. घरी आल्यावर भिंतीवर फुली मारली, चांगली ठळक. बरोबर आलेल्या खुणा पेन्सिलीच्या असत, चुका शाईच्या.

म्हणूनच पुढच्या वर्षी त्यांनी जे विचारलं त्याचं मला नवल वाटायला नको होतं. डिसेंबरची सुट्टी लागली होती. ते जिना उतरून खाली आले, हातात वह्यांचा गठ्ठा. भारतातून आणलेल्या दोनशे पानी वह्या, दर वर्षाची एक.

"तुमचा विषय आहे हा," ते म्हणाले. "मी आपला खुणा करत बसतो. खरं किती, मनाचं किती, ते मला कळत नाही. एकदा तपासून द्या."

"काका, कशाला? चाललंय ते छान चाललंय."

"ब्रेक बनवणाऱ्यानं स्वतः पास करायचा नसतो. दुसऱ्यानं करायचा असतो."

मी सुट्टीचे दहा दिवस त्या वह्यांत घातले. सगळ्या तारखा कॉम्प्युटरवर घेतल्या, प्रत्यक्ष हवामानाच्या नोंदी शेजारी मांडल्या. खरं सांगते, मला ते खरं निघायला हवं होतं. निघालं नाही. काकांनी खोटेपणा कुठंच केला नव्हता. पण दोन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे झालं तरी ते बरोबर धरत होते, आणि मिशिगनच्या जानेवारीत कुठलेही पाच दिवस उचलले तरी त्यात बर्फ सापडतोच. नुसत्या चिठ्ठ्या टाकून तारखा काढल्या असत्या, तरी जवळपास तेवढ्याच लागल्या असत्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी ते सांगितलं. काकू ओट्यापाशी बटाटे चिरून पाण्यात घालत होत्या. पोटॅशियम उतरावं म्हणून त्यांच्यासाठी बटाटा दोनदा पाणी बदलून भिजवावा लागे. मी ग्राफ दाखवले. शक्य तितक्या मऊ शब्दांत बोलले. काकांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

"म्हणजे यात काहीच नाही?"

"अगदी काहीच असं नाही काका, पण विश्वास ठेवण्याइतकं नाही."

"आणि टीव्हीवाल्यांचं?"

"तीन-चार दिवस आधीचं त्यांचं पुष्कळ चांगलं असतं."

"बरं केलंत," ते म्हणाले. "आकडे आहेत तसे सांगितलेत."

दुपारी वर गेले तेव्हा भिंत मोकळी होती. कागद गुंडाळून कोपऱ्यात उभा केला होता.  लग्नाचा फोटो काही काकूंनी परत लावला नाही.

त्या वर्षीचा पाढा सेहेचाळीसचा होता. सव्वीस ऑक्टोबरपासून दोन दिवस झोडपून पाऊस झाला होता. सेहेचाळीस दिवसांनी, अकरा डिसेंबरला, तो थोडक्यात हजेरी लावून गेला. पुन्हा सेहेचाळीस मोजले की येत होता सव्वीस जानेवारी, सोमवार. हे मला पाठ होतं, कारण मीच ते कॉम्प्युटरवर घातलं होतं. माझी तपासणी होईपर्यंत थांबवलेली यादी त्या वर्षी नर्सकडे गेलीच नाही. काका संध्याकाळी टीव्हीसमोर बसायला लागले, इतरांसारखे.

सव्वीसच्या आधीच्या शनिवारी काकूंचं डायलिसिस झालं. शनिवार ते मंगळवार, हे आठवड्यातलं सगळ्यात लांबचं अंतर. रविवारी दुपारी काका जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले. हातात फोन होता.

"टीव्ही म्हणतो, खालून ओहायोवरून जाईल. आपल्याकडे दोन-तीन इंच. तुमचं काय मत?"

मी लॅपटॉप उघडला, बघितलं. "सगळे तेच म्हणतायत काका. साउथला जाणार."

"मग उद्याची खुर्ची नको मागायला?"

"मला वाटतं गरज नाही."

त्यांनी मान हलवली आणि फोन खिशात ठेवला. एरवी वादळाच्या आधी घरात कडक पथ्य सुरू व्हायचं. पाणी छोट्या वाटीनं मोजून, फळ बंद, डाळ बंद. त्या रात्रीच्या जेवणाला टोमॅटोचं सार होतं. काकूंना फार आवडायचं आणि क्वचित मिळायचं. काकाच म्हणाले, "घे की अर्धी वाटी."

सोमवारी दुपारी बर्फ सुरू झाला. वादळाची वाट उत्तरेला सरकली होती. संध्याकाळपर्यंत समोरचं घर दिसेना. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर बर्फ कमरेपर्यंत लागलेला, आणि आमची गल्ली अशी कोपऱ्यात, की बर्फ काढणारा ट्रक तिथं सगळ्यात शेवटी यायचा. सेंटर बंद असल्याचा फोन आला. काकूंनी पाण्याला हात लावला नाही, दिवसभर बर्फाचा एक खडा चोखत बसल्या. बाहेर बर्फ पडायचा थांबला नव्हता.

बुधवारी सकाळी त्यांना आडवं होता येईना. आडवं झालं की श्वास अडके. खुर्चीत ताठ बसून त्या तोंडानं हवा ओढत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "मी ठीक आहे गं." मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले, ट्रकच्या मागोमाग येतो, पण घरापासून रस्त्यापर्यंत स्ट्रेचर न्यायला वाट करून ठेवा.

आम्ही दोघांनी फावडी घेतली. पंचाहत्तरीचे काका आणि मी.  मी दोनदा म्हटलं, "तुम्ही आत जा काका, मी करते," त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. फावडं खाली, फावडं वर, बाजूला. त्यांची कानटोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. मी तिच्यावरच बर्फ टाकला, असं मला नंतर दिसलं. आणि सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच वाक्य होतं: मला वाटतं गरज नाही. मला वाटतं गरज नाही.

काकू वाचल्या. हॉस्पिटलमध्ये पाच दिवस होत्या. त्यांची कॅलिफोर्नियातली मुलगी रस्ते मोकळे झाल्यावर आली, आणि येईपर्यंत दर तासाला फोनवर होती. पहिल्या संध्याकाळी वेटिंग रूममध्ये मी काकांच्या शेजारी बसले होते. म्हटलं, "माझ्यामुळे झालं काका."



"तुझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले. मला त्यांनी तू म्हटलं ते पहिल्यांदाच. "एका सव्वीस तारखेनं पाढा खरा ठरत नाही. मला कळतं तेवढं. मीच चुकीचं विचारलं तुला. मी विचारलं, वादळ येईल का. विचारायला हवं होतं, की सोमवारी उगाच जाऊन आलो तर काय बिघडेल."

त्यांनी खिशातली पेन्सिल चाचपली.

"काय बिघडलं असतं? चार तास बसून आलो असतो. इतकी वर्षं कितीदा उगाच जाऊन आलो आम्ही. ती म्हणायची, फुकटची फेरी. घरी येताना आम्ही डोसा खायचो."

अंदाज चुकण्याचे दोन प्रकार असतात, नसलेला धोका दिसणं आणि असलेला न दिसणं, आणि दोन्हींची किंमत सारखी नसते, हे मला पहिल्याच सेमिस्टरला शिकवलं होतं. परीक्षेत मी त्यावर पूर्ण गुण मिळवले होते. पण दहा दिवस त्या वह्या चाळताना ते मला एकदाही सुचलं नाही. मी फक्त काका बरोबर आहेत का ते बघत होते. ते कशासाठी करतात, हे मी मोजलंच नव्हतं.

काकू फेब्रुवारीत घरी आल्या.  मी पास झाले, युनिव्हर्सिटीतच तात्पुरतं काम मिळालं, खोली तीच ठेवली. ऑगस्टमध्ये एका दुपारी काकू आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या आणि उठल्या नाहीत. हृदय थांबलं. बाहेर निळं आकाश होतं. दुसऱ्या दिवशीची त्यांची खुर्ची ठरलेली होती. काकांनीच सेंटरला फोन करून सांगितलं, की ती कुणाला तरी द्या.

एक ऑक्टोबरला सकाळी सातला मी जागी होते. वरती पावलं वाजली नाहीत, मागचं दार उघडलं नाही. दोन तारखेलाही नाही. काका सोफ्यावर बसलेले असत, चहा गार झालेला. मुलगी म्हणत होती, इकडे या. ते बघू म्हणत.

नोव्हेंबरच्या मध्यावर नर्स घरी आली. युनिफॉर्मवरच आली होती, बहुतेक ड्यूटी संपवून. मी चहा केला. ती काकांना म्हणाली, "लोक विचारतायत. यंदाची लिस्ट कधी येणार?"

काका इंग्रजीत म्हणाले, लिस्ट नाही. मी यंदा काही लिहिलंच नाही. आणि माझ्याकडे हात करून, "हिला विचारा, ती लिस्ट खोटी असते."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोटी नाही. पण भरवसा ठेवण्यासारखी नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी दहा वर्षं ती लिस्ट बघतेय. पण त्या लिस्टमुळे माझे पेशंट एक दिवस आधी यायचे. टीव्हीमुळे येत नाहीत. टीव्ही बघून ते म्हणतात, बघू उद्या." तिनं चष्मा काढून पुसला. "गेल्या जानेवारीत अडकलेल्या फक्त तुमच्या मिसेस नव्हत्या. आणखी दोघं होते. त्यातले एक गेले. त्यांना आणायला कुणी नव्हतं."

काकांनी कप बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, "मंगळवारच्या शिफ्टमध्ये लांब राहणारे किती?"

मी टेक्ससमधल्या प्लेनोला नोकरीसाठी निघाले तेव्हा डिसेंबर संपत आला होता. काकांनी काकूंसाठी घेतलेली, ठेंगण्या पायरीची व्हॅन विकली नव्हती. तिघांना ते सेंटरला न्यायला-आणायला लागले होते: एक रिटायर्ड शाळामास्तरीण, एक पाय कापलेला ट्रक ड्रायव्हर आणि एक व्हिएतनामी आजी, जिला इंग्रजी येत नव्हतं आणि जिच्याशी ते मराठीतच बोलत. टीव्हीवर नुसता ढग दिसला तरी नर्स आदल्या दिवशी फोन करायची आणि काका गाडी काढायचे.

पुढच्या ऑक्टोबरात ते परत अंगणात उभे राहायला लागले, असं त्यांनीच फोनवर सांगितलं.  इथं टेक्ससमध्ये नोव्हेंबरातही एसी लागतो, मी हापिसात बसून दुसऱ्यांचे अंदाज तपासते. आता प्रत्येक वेळी विचारते, चुकलं तर काय होईल, आणि कुणाचं होईल. लोकांना ते लांबण लावल्यासारखं वाटतं.

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी दुपारी मी त्यांना फोन केला. तिकडे मोठं वादळ येणार म्हणून दोन दिवस बातम्यांत होतं. काकांच्या कागदावरही तीच तारीख होती.

"कसं आहे काका? किती पडलं?"

"काही नाही. वरून कॅनडाकडे गेलं. ऊन आहे."

"आणि तुमची मंडळी?"

"सोमवारीच सगळ्यांना नेऊन आणलं. आमच्या मास्तरीणबाई चिडल्या होत्या, म्हणाल्या उगाच दिवस मोडला."

"मग?"

"मग काय. आज मंगळवार आहे आणि तिघंही घरी आहेत."